गाडी तुमची, मग विमा दुसऱ्याच्या भरवशावर का?

तालुक्याच्या गावात बाईनं गाडी चालवणं ही आता कुणी वळून बघावं अशी गोष्ट राहिलेली नाही. कुणाला शाळेवर जायचं असतं, कुणाला बँकेत, तर कुणाला सासूबाईंना दर पंधरवड्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं. गाडी घ्यायची ठरली की घरात महिनाभर चर्चा रंगते. रंग कुठला, मायलेज किती, हप्ता किती बसेल, मागे तिघं नीट बसतील का? पण विम्याचा विषय निघाला की दोनच उत्तरं मिळतात. एक, "शोरूमवाला करून देतो की सगळं!" आणि दुसरं, "ते ह्यांना माहीत."

झालं! लाखांची वस्तू सांभाळणारा कागद न वाचताच कपाटात जातो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली की चार ठिकाणांहून फोन येतात, "मॅडम, सगळ्यात स्वस्त आम्हीच देतो." मग जो आकडा सगळ्यात लहान, तो आपला.

स्वस्त विमा घेऊ नये असं नाही. जरूर घ्यावा. पण मैत्रिणींनो, भाजी घेताना आपण नुसता भाव विचारून थांबत नाही, वजनकाट्याकडेही बघतो. विम्यातही तेच करायचं. हप्ता कमी का आहे, हे विचारायचं. कंपनी खरोखर कमी पैसे घेतेय, की आपल्या पदरातलं काही काढून घेतेय?

हप्त्याच्या पावतीत काय काय असतं?

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचा जीव गेला, कुणाच्या वस्तूचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, तर १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये होते. हा दर सगळ्या कंपन्यांना सारखाच. तेव्हा "आमचं थर्ड पार्टी स्वस्त आहे" असं कुणी म्हटलं, तर लगेच सावध व्हा. नव्या कोऱ्या गाडीला मात्र थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आला.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर हे सगळं यात येतं. याचा दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्या आपापला ठरवतात. भाव करायचा, तुलना करायची ती इथेच. हा भाग एका वर्षाचा घेता येतो आणि तो शोरूमच्याच कंपनीचा घ्यावा अशी कुठलीही सक्ती नाही.

तिसरा भाग मालक-चालकाच्या अपघात विम्याचा. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे.

आणखी एक भीती काढून टाका. "मी नवशिकी, मला जास्त हप्ता पडेल," असं बऱ्याच जणींना वाटतं. परदेशात तसं असतं. आपल्याकडे हप्ता प्रामुख्यानं गाडीवर ठरतो. तिची किंमत, वय, इंजिन आणि ती कुठे नोंदवली आहे, हे बघितलं जातं.

स्वस्त कुठे दिसतं, महाग कुठे पडतं?

पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर जास्तीत जास्त एवढे पैसे मिळणार. गाडीच्या जाहीर किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून तो काढतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. समजा, सहा लाखांची गाडी दीड वर्षाची झाली. हिशोबानं आयडीव्ही ४ लाख ८० हजार व्हायला हवा. कुणी तो ४ लाख २० हजार लावला, तर हप्ता थोडा उतरेल आणि ती कंपनी स्वस्त दिसेल. पण गाडी गेली, तर ६० हजार कमी हातात येतील. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना आधी आयडीव्ही सारखा आहे ना ते बघा.

दुसरी गोष्ट सुट्या भागांवरच्या घसाऱ्याची. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. फायबरच्या भागांवर ३० टक्के कापतात, काचेवर काही कापत नाहीत. आता बंपर प्लास्टिकचा आणि नवशिक्या हातांत पहिला मार बंपरलाच! हा घसारा कापू नये म्हणून 'झिरो डेप' नावाचं जादा संरक्षण मिळतं. नव्या गाडीला पहिली काही वर्षं ते घ्यावं. मात्र वर्षातून किती वेळा वापरता येईल, हे विचारून घ्या. अनेक कंपन्या त्यावर मर्यादा घालतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरनं आणि २०२१ मध्ये चिपळूणनं जे सोसलं, ते आपण विसरलेलो नाही. पुरानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसतं. पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेलात आणि पाणी आत ओढून इंजिन बसलं, तर त्याचे पैसे कंपनी सहसा देत नाही. नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांनी 'इंजिन प्रोटेक्शन' घ्यावं. आणि गाडी पाण्यात गेलीच, तर किल्लीला हात न लावता ती ओढून गॅरेजला न्यावी.

नवशिक्या हातांचा हिशोब

शिकाऊ लायसन्सवर गाडी चालवताना विमा लागू असतो का? असतो, पण नियम पाळले तर. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी आणि गाडीला पुढे-मागे 'एल'ची पाटी हवी. "जरा बाजारापर्यंतच जाऊन येते" म्हणून एकटीनं गाडी काढली आणि कुठे धडकली, तर आपल्या गाडीची भरपाई नाकारली जाऊ शकते. एवढंच नव्हे, समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते.

हप्ता कमी करायचा आणखी एक मार्ग एजंट सुचवतात. "मॅडम, दुरुस्तीचे पहिले पाच हजार तुम्ही भरायचं कबूल करा, सूट मिळेल." याला ऐच्छिक वजावट म्हणतात. हात बसलेल्या चालकाला ती परवडते. पहिली एक-दोन वर्षं खरचटणं, घासणं चालूच राहणार, तेव्हा नवशिकीनं या सुटीच्या मोहात पडू नये. तशीही १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपयांची सक्तीची वजावट असतेच.

प्रत्येक ओरखड्याला क्लेम करायचा का? इथे बेरीज-वजाबाकी करा. वर्षभर क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते. याला नो क्लेम बोनस म्हणतात. पुढे ती २५, ३५, ४५ करत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जाते. समजा, ३ हजारांचा बंपर फुटला. घसारा कापून राहिले दीड हजार, सक्तीची वजावट जाऊन हातात आले पाचशे. तुमचा हप्ता ८ हजार असेल, तर या पाचशेसाठी १,६०० रुपयांची सूट गेली. असा खर्च स्वतः केलेला बरा.

हा बोनस गाडीचा नसतो, गाडीमालकाचा असतो. नवी गाडी घेतली तर तो सोबत नेता येतो. पण जुनी पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर सगळा जमवलेला बोनस जातो.

कागदावर नाव कुणाचं?

आता त्या तिसऱ्या भागाकडे येऊ. मालक-चालकाला १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं. मृत्यू आला किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं, तर ही रक्कम मिळते. शब्द नीट वाचा, 'मालक-चालक'. म्हणजे आरसी बुकावर जिचं किंवा ज्याचं नाव आहे आणि जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे लायसन्स आहे, तीच व्यक्ती.

आपल्याकडे बऱ्याच घरांत गाडी नवऱ्याच्या नावावर असते आणि रोज चालवते बायको. अशा वेळी ते १५ लाखांचं संरक्षण तिला नसतं. गाडीला विमा आहे, नवऱ्याला आहे, स्टिअरिंगवर बसलेल्या बाईला मात्र नाही! उलटही घडतं. गाडी हौसेनं बायकोच्या नावावर घेतलेली असते, पण तिच्याकडे लायसन्स नसतं. मग नवरा मालक नाही आणि बायको चालक नाही, म्हणून दोघंही या संरक्षणाबाहेर.

यावर उपाय अवघड नाही. गाडी मुख्यतः तुम्हीच चालवणार असाल, तर ती तुमच्याच नावावर घ्या. ते शक्य नसेल, तर स्वतःच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. ती गाडीपुरती नसते, सगळीकडे लागू असते. एवढंही जमत नसेल, तर निदान बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरा. जून २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. आणि वारसाचा रकाना कोरा ठेवू नका.

कंपनी कशी निवडाल?

मोठ्या शहरात जी कंपनी चांगली, ती आपल्या गावात चांगली असेलच असं नाही. आधी विचारा, आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात त्यांचं कॅशलेस गॅरेज आहे का? ते दीडशे किलोमीटरवर असेल, तर ती सोय आपल्या काय उपयोगाची? नुसतं "भरपूर गॅरेज आहेत" यावर समाधान मानू नका, नाव विचारा आणि त्या गॅरेजमध्ये चौकशी करा. कुठल्या कंपनीचे पैसे लवकर येतात आणि कुठली खेटे घालायला लावते, हे गॅरेजवाल्याला बरोबर माहीत असतं.

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत. त्यांच्या शाखा लहान शहरांतही सापडतात. खासगी कंपन्यांचं काम बरंचसं फोनवर आणि इंटरनेटवर चालतं, तिथे हप्ता कमी पडू शकतो. ज्यांना अर्ज भरणं, फोटो पाठवणं जमतं त्यांनी थेट घ्यावा. ज्यांना धावपळीला माणूस लागतो त्यांनी चांगला एजंट धरावा. मात्र पैसे एजंटच्या हातात रोख न देता कंपनीच्या नावानं भरा. मोबाइलवर आलेल्या पॉलिसीवर गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि नाव तपासा, आणि ती खरी आहे का हे कंपनीला फोन करून विचारा. बनावट पॉलिसीचे प्रकार घडतात.

जुनी गाडी घेणार असाल, तर तिचा विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. ते राहिलं, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा "बोनससकट देतो" या बोलण्यावर जाऊ नका.

क्लेम नाकारला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपालांकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे जातात. मात्र एका वर्षाच्या आत तक्रार करायला हवी.

सही करण्याआधी हे विचारा

- आयडीव्ही किती लावला? दुसऱ्या कंपनीएवढाच आहे का?
- झिरो डेप आहे का? वर्षातून किती वेळा?
- ऐच्छिक वजावट टाकली आहे का?
- जवळचं कॅशलेस गॅरेज कोणतं?
- मालक-चालक संरक्षण कुणाच्या नावावर? वारस कोण?
- सीएनजी किट असेल, तर त्याची नोंद आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर आहे का?
- पॉलिसी कोणत्या तारखेला संपते?

ही शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा. आणि पॉलिसी आली की चहाचा कप घेऊन निवांत बसा, एकदा स्वतः वाचा. अर्धा तास लागेल. ज्या हातांनी गिअर टाकायला शिकलात, त्यांना ही पानं उलटणं जड नाही.