नष्टाश्वदग्धरथन्याय आणि आमची जर्मन मोटार

संस्कृतांतील लौकिक न्यायांमध्यें 'नष्टाश्वदग्धरथ' नांवाचा एक न्याय आहे. दोन प्रवासी आपापल्या रथांतून निघून एकाच गांवीं मुक्कामास उतरले. रात्रीं आग लागली. एकाचे घोडे गेले, दुसऱ्याचा रथ जळाला. सकाळीं दोघे आपापल्या नुकसानीचा शोक करीत बसले असते तर तेथेंच राहिले असते. परंतु त्यांनीं एकाच्या रथास दुसऱ्याचे घोडे जोडले व दोघेहि इष्ट स्थळीं पोहोंचले. हा न्याय आम्हीं शाळेंत कित्येक वर्षें शिकविला. त्याचा अर्थ मात्र आम्हांस निवृत्तीनंतर, खोपोलीच्या एका मोटार-दुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडमध्यें कळला.

आमच्याकडे २००२ सालीं घेतलेली जर्मन बनावटीची एक मोटार आहे. तिचें नांव येथें देत नाहीं. कारण जें घडलें त्यांत दोष कारखान्याचा नसून काळाचा आहे. आमचें घर कडावच्या बाजूस, कर्जतपासून आंत. संध्याकाळनंतर एस. टी. चा भरंवसा नाहीं, आणि दवाखाना म्हटला कीं पनवेल गांठावें लागतें. म्हणून ही मोटार आम्हांस चैनीची वस्तु कधींच नव्हती.

गेल्या वर्षीं सौभाग्यवतींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठीं पनवेलीस जात असतां चौकच्या अलीकडे उष्णतेचा कांटा एकाएकीं वर चढला व टपाखालून वाफ येऊं लागली. गाडी त्याच क्षणीं थांबवावयास हवी होती. 'पुढें सांवली आहे, तेथवर जाऊं' या मोहानें आम्ही आणखी थोडें अंतर गेलों. तेवढ्यानेंच घात केला. पाणी फिरविणारा पंप निकामी झाला होता, आणि त्या अर्ध्या मैलांत इंजिनाच्या माथ्यास, ज्यास कारागीर 'हेड' म्हणतात, तडा गेला.

खोपोलीचे मिस्त्री आमच्याच वयाचे. त्यांनीं पंप सोडवून हातांत ठेवला व म्हणाले, "गुरुजी, गाडीचं नांव विसरा. नंबर वाचा." पंपाच्या अंगावर बारीक अंक ओतलेले होते. मोटारीवर ज्या कारखान्याचें चिन्ह असतें तोच तिचे सर्व भाग घडवितो, हा आमचा समज त्या दिवशीं गेला. पंप एकाचा, बेअरिंग दुसऱ्याचें, विजेचें सामान तिसऱ्याचें. त्यांतले कित्येक कारखाने तर आपल्याच देशांत आहेत; बॉश या जर्मन कंपनीनें १९५१ सालीं 'मायको' या नांवानें येथें उत्पादन आरंभिलें, व तिचा एक कारखाना आपल्या नाशकासहि आहे. गाडी बाजारांतून उठली तरी अंकाचा वंश पुष्कळदां टिकून असतो. नव्या पंपाचा शोध या अंकावरूनच लागला व तो मुंबईहून आठ दिवसांत आला.

त्याच बैठकींत मिस्त्रींनीं आम्हांस बेअरिंगांची भाषा शिकविली. अल्टरनेटरमधून घरघर येत होती. आंतील बेअरिंगावर ६२०३ असा अंक होता. हा अंक कोणा एका कंपनीचा नसून साऱ्या जगाचा आहे. ६२०३ म्हणजे आंतील भोंक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० व जाडी १२. शेवटचे दोन अंक ०४ किंवा अधिक असल्यास त्यांस पांचांनीं गुणावें, म्हणजे भोंकाचें माप निघतें : ६२०४ चें २०, ६२०५ चें २५. पाणिनीच्या प्रत्याहारांप्रमाणें थोडक्यांत पुष्कळ सांगणारी ही पद्धति पाहून आम्हांस मोठा आनंद झाला. तें बेअरिंग खोपोलीच्या बाजारांतच मिळालें; तें पंख्यासारख्या यंत्रांतहि बसतें, मग मोटारीचें दुकान धुंडण्याचें कारण काय?

परंतु हेडची गोष्ट निराळी. तें ज्या इंजिनाचें, त्यासच बसणार. अशा वेळीं गाडीचा कुलवृत्तांत आडवा येतो. ओपेल या जर्मन नांवाच्या मोटारी १९९६ पासून गुजरातेंतील हालोल येथें तयार होऊं लागल्या. २००६ सालीं तें नांव भारतांतून उठलें, आणि त्या विकणाऱ्या अमेरिकन जनरल मोटर्सनेंहि २०१७ अखेर येथील विक्री थांबविली. मालक जातात, गाड्या मागें राहतात. उलट उदाहरणहि आहे. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशीं करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. १९६९ सालीं तो करार संपला. तरी मालमोटारी बोरघाट चढतच राहिल्या, कारण तोंपर्यंत त्यांचे भाग येथेंच घडूं लागले होते. यंत्र परदेशीं असणें हें संकट नव्हे. तें दुरुस्त करण्याची विद्या परदेशींच राहणें हें संकट होय.

याचा वस्तुपाठ तर आमच्या तालुक्यांतच आहे. नेरळहून माथेरानास जाणारी छोटी आगगाडी सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं बांधविली व ती १९०७ सालीं सुरू झाली. रूळ दोन फूट रुंदीचे, चढ कोठें कोठें वीसांत एक, आणि वळणें अशीं कीं शेवटच्या डब्यांतून इंजिन समोर दिसावें. त्या वळणांवर धुरा किंचित् सरकतील अशा रचनेचीं इंजिनें बर्लिनच्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या कारखान्यानें घडविलीं होतीं. पुढें १९१४ व १९३९ अशीं दोन महायुद्धें पेटलीं. जर्मनी शत्रुपक्ष ठरला. त्या काळीं बर्लिनला पत्र लिहून भाग मागविण्याचा प्रश्नच नव्हता. तरीहि तीं इंजिनें सुमारें पाऊणशें वर्षें डोंगर चढलीं. त्यांतील एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे. वाफेनंतर आलेलीं पहिलीं डिझेल इंजिनेंहि जर्मनीच्याच युंग कारखान्याचीं होतीं. हीं यंत्रें येथील लोहारांनीं व फिटरांनीं जगविलीं. त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत.

हेडसाठीं आम्ही कुर्ल्याच्या भंगारबाजारांत दोन फेऱ्या घातल्या. दारें, दिवे, कांचा मिळाल्या असत्या, हेड मिळेना. दोन महिने गाडी शेडमध्यें पडून राहिली व सौभाग्यवतींची तपासणी दोनदां चुकली. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, मोडीत काढा." त्याचें म्हणणें अव्यवहार्य नव्हतें.

मग मिस्त्रींस आठवलें कीं, कर्जतेंत नदीच्या बाजूस एका निवृत्त डॉक्टरांच्या अंगणांत हीच गाडी उभी आहे. जुलै २०२१ च्या पुरांत तिचा तळ व तारा कुजल्या. पाणी इंजिनाच्या माथ्यास मात्र पोहोंचलें नव्हतें. आम्ही गेलों. डॉक्टरांनीं चहा दिला, सर्व ऐकून घेतलें व शांतपणें म्हणाले, "मास्तर, ती गाडी चालत नाही हें मला ठाऊक आहे. पण ती द्यायची नाही." त्यांच्या मुलानें पहिल्या नोकरीच्या पगारांतून ती घेऊन दिली होती. मुलगा आतां परदेशीं असतो. डॉक्टरीणबाई रोज सकाळीं तिच्यावरची धूळ पुसतात, हें आम्हांस अंगणांतच दिसलें. दुसऱ्याच्या आठवणींतून आपल्यासाठीं भाग काढून मागणें किती कठीण असतें, हें तेथें बसल्यावर समजलें. आम्हीं विषय सोडला व बोलतां बोलतां त्यांस नष्टाश्वदग्धरथाची गोष्ट सांगितली; हेतु ठेवून नव्हे, मास्तरकीच्या खोडीनें.

चार दिवसांनीं डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. "मास्तर, त्या गोष्टींतले दोघेहि एकाच रथांत बसले ना? आम्ही दर संकष्टीला महडला वरदविनायकाला जात होतों. पुरानंतर जाणं झालं नाही. तुमची गाडी चालू झाली तर आम्हाला न्याल?"

हेड आलें. मिस्त्रींनीं तें थेट बसविलें नाहीं. आधीं दाबाखालीं तपासून, पृष्ठभाग सपाट करवून घेतला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या वाचकांसाठीं त्यांचे नियम येथें लिहून ठेवतों. लोखंड व ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, कांचा, दारें हीं तपासून जुनीं घेण्यास हरकत नाहीं. ब्रेकच्या नळ्या, रबरी पट्टे, टायर व सुकाणूचे सांधे कधींहि भंगारांतून घेऊं नयेत. रबर कपाटांत पडूनहि म्हातारें होतें. उष्णतेचा कांटा चढला तर सांवली शोधूं नये, जागच्या जागीं थांबावें. इंजिनाचा नोंदणीक्रमांक खालच्या ठोकळ्यावर असतो, म्हणून हेड बदलल्यानें तो बदलत नाहीं. ठोकळाच बदलल्यास परिवहन कार्यालयांत नोंद आवश्यक. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते; पुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते. त्याचें शुल्क एप्रिल २०२२ पासून पांच हजार रुपये झालें, व वीस वर्षांवरील मोटारीस २०२५ सालीं दहा हजार ठरलें. जी गाडी धूर ओकते किंवा जिचा सांगाडा गंजला आहे ती ममतेनेंहि रस्त्यावर आणूं नये. डॉक्टरांनीं आपल्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द केली; तिची किल्ली मात्र त्यांनीं देवघरांत ठेवली आहे.

पुढच्या संकष्टीस आम्ही चौघे महडला गेलों. पुढें आम्ही व डॉक्टर, मागें दोघी. चौकच्या अलीकडे, जेथें गाडी थांबावयास हवी होती, तेथें आम्हीं कांट्याकडे पाहिलें. तो मध्यावर स्थिर होता. डॉक्टर बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "हा आमच्याच गाडीचा आवाज." आम्हांस तो आमच्या गाडीचा वाटत होता. दोघांचेंहि खरें होतें.