उशाशी बसलेल्या माणसाकडेही पाहा

दुपारी दोनचा गजर वाजतो. सून जेवणाचं ताट बाजूला सारून उठते आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस बदलते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली टॉवेलची घडी. चारला पुन्हा गजर, सहाला पुन्हा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. संध्याकाळी भेटायला आलेली मंडळी विचारतात, "बाबा आता कसे आहेत?" तिला कुणी काही विचारत नाही.

पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स, कर्करोग या दुखण्यांचा बराचसा काळ घरातच निघतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या मदतगटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द फार सुंदर आहे. पण या शुभंकराविषयी आपल्या घराघरांत जे समज आहेत, ते त्याला एकटं पाडणारे आहेत.

गैरसमज : मनापासून सेवा करणाऱ्याला थकवा येत नाही.

वस्तुस्थिती : माया कितीही असली तरी झोपमोड ती झोपमोडच. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ज्येष्ठांचा अमेरिकेत चार वर्षं मागोवा घेतला गेला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ताण जाणवत नसलेल्यांमध्ये मात्र ही वाढ दिसली नाही. म्हणजे अपाय होतो तो सेवेमुळे नव्हे, तर ताणामुळे. आणि ताण वाटून घेता येतो.

सतत चिडचिड, पाठदुखी, स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरणं, 'आता यातून सुटका व्हावी' असं मनात येणं आणि मग त्याचीच अपराधी बोच लागणं, ही थकव्याची लक्षणं आहेत. त्यात स्वभावाचा दोष नाही. अशा वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत बोलता येतं.

गैरसमज : घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवावी लागत नाही.

वस्तुस्थिती : शुश्रूषा हे कसबाचं काम आहे. रुग्णाला काखेत हात घालून वर ओढलं, तर त्याचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही जातात. त्याच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत एक आडवी दुमडलेली चादर कायम अंथरून ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून त्याला सरकवावं. पाठीवर, माकडहाडापाशी, टाचांवर रोज नजर टाकावी. लाल झालेली जागा दाबूनही फिकी पडत नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून जागा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने पाहावं. तिथे चोळू मात्र नये. आडवं झोपवून भरवू नये, कारण घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवणानंतरही अर्धा तास बसतं ठेवावं.

हे सगळं डिस्चार्जच्या आधी परिचारिकेकडून समोर करून दाखवून घ्या आणि घरातल्या किमान दोघांनी शिका. एकालाच येत असेल, तर त्या एकाची सुटका नाही.

गैरसमज : हे बायकांचंच काम.

वस्तुस्थिती : प्रथा तशी आहे, निसर्गनियम तसा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात वेळ देताना दिसल्या, पुरुष २१ टक्के. यात मुलांचं संगोपनही आलं. डायपर बदलणं, नळीने भरवणं, औषधांच्या वेळा सांभाळणं हे कोणत्याही हातांना जमतं.

गैरसमज : भेटून आलो, 'काही लागलं तर सांगा' म्हटलं, म्हणजे मदत झाली.

वस्तुस्थिती : थकलेलं माणूस सहसा काही सांगत नाही. उलट पाहुण्यांसाठी चहा टाकायला त्यालाच उठावं लागतं. म्हणून मदत नेमकी आणि ठरलेली हवी. 'दर रविवारी तीन ते सहा मी बाबांजवळ बसेन, तू बाहेर जा.' 'मंगळवारी डबा आमच्याकडून.' 'औषधं आणि रक्ततपासणीचं मी बघतो.' परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांनी व्हिडिओ कॉलवर सूचना देण्याऐवजी रात्रीच्या मावशींचा पगार उचलावा, विम्याची कागदपत्रं ऑनलाइन भरावीत आणि वर्षातून निदान पंधरा दिवस येऊन सगळा भार स्वतः घ्यावा.

गैरसमज : ब्युरोची बाई ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

वस्तुस्थिती : आठवड्यातून दोन रात्री सलग झोप मिळाली, तर उरलेले दिवस सेवा नीट होते. दमलेल्या हातून औषधाचा डोस चुकतो, तोल जातो, शब्द सुटतो. विसावा घेणं हा रुग्णाच्याच हिताचा भाग आहे.

गैरसमज : पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे दिवस.

वस्तुस्थिती : वेदना, धाप, मळमळ आणि घरच्यांची घालमेल कमी करणारं हे उपचारशास्त्र आहे. मूळ उपचार चालू असतानाच ते सुरू करता येतं. मुंबईतलं शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांसाठी हे काम करत आहे. वारज्याच्या केंद्रात घरच्यांनाही शुश्रूषा शिकवली जाते.

गैरसमज : विमा आहे, खर्चाची चिंता नाही.

वस्तुस्थिती : विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कवचही दाखल रुग्णांसाठीच आहे. मावशींचा पगार, डायपर, एअर बेड हा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो. केरळने पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा साहाय्य देणारी योजना आणली. महाराष्ट्रानेही या श्रमाची अशी दखल घ्यायला हवी. ज्येष्ठांसाठीच्या योजनांची माहिती १४५६७ या हेल्पलाइनवर मिळते.

तुमच्या नात्यात, शेजारी, सोसायटीत असं एखादं घर नक्की असेल. पुढच्या वेळी तिथे जाल, तेव्हा पेशंटची चौकशी झाली की उशाशी बसलेल्या माणसाला विचारा, "सलग झोप कधी झाली होती?" आणि उत्तर ऐकून लगेच निघू नका. त्या दिवशी दोन तास तिथे बसा आणि त्या माणसाला झोपू द्या.