विषारी दारू डोळे का घेते?

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्या दारूत मिथेनॉल होते.

मिथेनॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे द्रावक. दिसायला, वासाला नेहमीच्या दारूसारखेच, म्हणून पिणाऱ्याला संशय येत नाही. खरा घात होतो यकृतात. तिथली विकरे त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवतात. हे आम्ल पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. दृष्टीच्या नसेला त्याचा फटका फार लवकर बसतो. वाचलेल्यांपैकी काही जण कायमचे आंधळे होतात.

क्रूर भाग असा की त्रास बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. तोवर घरचे ‘नशा उतरेल’ म्हणून माणसाला झोपू देतात आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. रुग्णालयात औषधाने त्या विकराला रोखता येते, डायलिसिसने विष काढता येते.

दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर पोलिसांच्या भीतीने थांबू नका. १०८ ला फोन करा.