कुत्रं भाकरीला तोंड लावत नाही? आधी कारण बघा

तामलवाडी : राखणीच्या कुत्र्याने भाकरी हुंगून सोडली की घरचे लगेच दूध-बिस्किटं पुढे करतात. तिथंच त्याला खोड लागते. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी कोमट वरणात भाकरी कुस्करून द्या. 20 मिनिटांनी भांडं उचला, मधे काही देऊ नका. वरणात कांदा-लसूण नको. द्राक्षं, बेदाणेही कुत्र्याला विषारी.

मात्र दिवसभर काहीच खाल्लं नाही, ताप आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर जनावरांच्या दवाखान्यात न्या. गोचिडामुळेही ताप येतो.

लाळ गळते, गिळता येत नाही, वागणं बदललं, तर हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. चावलं किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण-पाण्याने 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, लस घ्या.