पुसलेली नोंद पुन्हा विचारू नका

बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 24 नुसार बालवयातील गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही; अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करायच्या असतात. तरीही सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘कधी अटक झाली होती का?’ असे सरसकट विचारले जाते. पोलीस भरतीत चारित्र्य पारखायलाच हवे, हा आक्षेप रास्त आहे. पण 16 वर्षांवरील मुलाला निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरवल्यास हे संरक्षण मिळतच नाही. प्रौढांबाबतही माहिती दडवल्यास गुन्ह्याचे स्वरूप आणि पद पाहून निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग निकालात सांगितले. म्हणून नमुन्यातच ‘बालवयातील संरक्षित प्रकरणे वगळून’ असे छापावे. कायद्याने पुसलेले उमेदवाराकडून वदवून घेणे अन्यायच आहे.