पणजी-पणजोबांचं चर्चमधलं लग्न कसं शोधाल?

सोलापूरच्या एका मैत्रिणीनं परवा पणजी-पणजोबांच्या लग्नाचा फोटो दाखवला. मागे फक्त साल, १९१२. बाकी माहिती कुठे मिळेल, असं तिनं विचारलं.

सगळ्यात आधी चर्चची विवाह नोंदवही!

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानं नोंद आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक केले. नोंदीच्या नमुन्यात वधूवरांचं वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचं नाव असतं. म्हणजे एका ओळीत आणखी एक पिढी सापडते. साक्षीदारांची नावंही टिपून घ्या, बऱ्याचदा ते नातेवाईकच निघतात.

कोणत्या चर्चची नोंदवही बघायची हे ठरवायला कुटुंबाचा पंथ आधी विचारा. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं मोठं काम होतं. त्या परंपरेतल्या अनेक मंडळ्या (स्थानिक चर्च) १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. कॅथलिक असाल तर सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं.

सोलापुरात नोंद मिळाली नाही तर वधूच्या माहेरच्या मंडळीत चौकशी करा. १८४२ पासूनच्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंकही जरूर चाळा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी आजच बोला. नावं त्यांनाच आठवतात.

तुमच्याकडे असा फोटो आहे? काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, मिळून शोधू.