लोखंडी रुळांचा मोह

राजधानीतील वाहतुकीच्या कोंडीची चर्चा निघाली की बसगाड्यांऐवजी हलकी रेल्वे का नको, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. प्रश्न विचारणारे बहुधा युरोपातील एखादे शहर पाहून आलेले असतात. त्यांची आम्ही टवाळी करू इच्छित नाही. रुळांवरून विजेवर धावणारी गाडी धूर ओकत नाही, एका खेपेस दोन-तीन बसगाड्यांइतके उतारू नेते आणि बसपेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे.

परंतु हिशेब मांडून पाहावा. केंद्र सरकारने २०१९ साली ‘मेट्रोलाइट’ या हलक्या रेल्वेची जी मानके ठरविली, ती गर्दीच्या वेळी एका दिशेने ताशी १५,००० पर्यंत उतारू नेणाऱ्या मार्गांसाठी आहेत. २०११ च्या शिरगणतीत पणजी महापालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या होती सुमारे ४०,०००. म्हणजे तान्ह्या मुलांसकट सारी पणजी अशी गाडी तीन तासांच्या आत हलवील! पुढे कोणाला न्यायचे?

बाहेरून रोज येणाऱ्यांची संख्या जमेस धरली तरी अडचण उरतेच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, ती मोटारींच्या गर्दीत अडकू लागल्यावर. रुळांवरच्या गाडीला बाजू काढून पुढे जाता येत नाही. आमच्या १८ जून रस्त्यावर काजूच्या दुकानासमोर कोणी मोटार उभी करून आत गेला, तर मागची ट्राम त्याची खरेदी आटोपेपर्यंत घंटा वाजवीत उभी राहील. रूळ वर उचलून खांबांवर घालावेत, तर खर्च अनेक पटींनी चढतो.

खांबांचा विषय निघाला की मडगावकरांना आणखी काही सांगावे लागत नाही. कोकण रेल्वेने तेथे ‘स्कायबस’चा प्रयोग आरंभिला होता, रुळांखाली टांगलेले डबे रस्त्याच्या डोक्यावरून धावणार होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या वेळी अपघात होऊन कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचा बळी गेला. गाडी थांबली ती कायमची, खांब मात्र वर्षानुवर्षे उभे राहिले आणि २०१३ साली प्रयोग रीतसर गुंडाळण्यात आला. कल्पकतेविषयी आम्हांस आदर आहे, परंतु दीड किलोमीटरची ती आठवण गोमंतकीयांनी इतक्या लवकर विसरू नये.

खरे दुखणे वाहनाच्या जातीचे नसून वेळेचे आहे. खाजगी बसचा मालक दिवसाच्या गल्ल्यावर जगतो. म्हणून ती थांब्यावर भरेपर्यंत रेंगाळते, मागून दुसरी दिसताच सुसाट सुटते, आणि आतल्या उतारूंना “फाटीं वच” हा कंडक्टरचा मंत्र ऐकत अंग चोरावे लागते. रात्री गल्ला होत नाही, म्हणून शेवटची फेरी परस्पर रद्द! दुकानातून किंवा इस्पितळातून उशिरा सुटलेल्या बाईने मग पायलटला किती पैसे द्यावे? ज्याला जमले त्याने कर्ज काढून स्कूटर घेतली आणि कोंडीत आणखी एक भर पडली.

याच राज्यात याला अपवादही आहे. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या आंदोलनानंतर १९८० साली स्थापन झालेल्या कदंब महामंडळाची पणजी-मडगाव शटल पाहावी. खिडकीवर तिकीट, सरळ रांग, मध्ये थांबा नाही. त्या रांगेत मोठे अधिकारी आणि मजूर एकामागे एक उभे राहतात, कुरकुर न करता. तेथे रूळ नाहीत. गाडी सुटेल, एवढी खात्री आहे.

ही खात्री ताळगावच्या, सांताक्रूझच्या, रायबंदरच्या फेऱ्यांना का मिळू नये? खाजगी बसमालकांना उतारूंच्या संख्येवर नव्हे, तर वेळेवर केलेल्या किलोमीटरांवर मोबदला द्यावा. रस्त्यावरील मोटारी हटवून बसला वाट मोकळी करावी. पर्वरी ते पणजी असा एखादा पट्टा उद्याच्या रुळांसाठी राखून ठेवायचा असेल तर जरूर ठेवावा. आमची हरकत नाही. मात्र तूर्त सरकारने प्रत्येक थांब्यावर शेवटच्या बसची वेळ रंगवून लावावी, आणि त्या वेळी ती बस तेथे यावी.